फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरला मिळाले आणि तेलंगण आंध्राशी जोडले गेले. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना ते दिवस आनंदाचे वाटले तसेच हुरहुरीचेही वाटले. कारण ज्या राज्याची राजधानी म्हणून हैदराबाद आपले होते, ते राज्यच आता उरले नव्हते. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपान्त्य फेरी गाठली. आशिया खंडातील कोणताही देश त्यापूर्वी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इतक्या पुढे गेलेला नव्हता. त्या संघात विसर्जित हैदराबाद राज्याचे खेळाडू मोठ्या संख्येने होते, आणि संघाचे प्रशिक्षक होते याच शहरातील शाळांमधून मुलांना शिकवीत आलेले एक शिक्षक, सय्यद अब्दुल रहीम.

फुटबॉलच्या खेळात लोकांच्या ध्यानी राहतो तो गोल करणारा. अकरा जणांच्या कष्टाचे श्रेय एकट्या आघाडीवीराच्या पदरात पडते आणि सामना हरला तर दोषही बहुधा त्याच्याच माथी येतो. रहीमसाहेबांची ख्याती गोल करणाऱ्याची नव्हे, गोल करणारे घडवणाऱ्याची आहे. साहू मेवालाल, नेव्हिल डिसोझा, तुळशीदास बलराम, जर्नेलसिंग या चार आघाडीवीरांच्या आयुष्यातील मोठे क्षण रहीमसाहेबांच्या देखरेखीखाली आले. या चौघांतला शेवटचा तर मुळात आघाडीचा खेळाडूही नव्हता. या चौघांची कथा सांगितली की रहीमसाहेबांचे चरित्र बरेचसे सांगून होते.

१७ ऑगस्ट १९०९ हा त्यांचा जन्मदिवस. निजामाची राजवट तेव्हा भरात होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्या विद्यापीठाच्या पहिल्या काही पिढ्यांमध्ये रहीम शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे कॉलेजातल्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या संघातून ते खेळत राहिले आणि शहरातल्या स्थानिक स्पर्धांत चांगला खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. पदवी घेतल्यावर त्यांनी पेशा पत्करला तो शिक्षकाचा. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली आणि मग शाळेतील खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. काचीगुडा आणि चादरघाट हे भाग मराठी वस्तीला परके नव्हेत. सुलतानबाजार, गौळीगुडा, काचीगुडा या पट्ट्यात राहणाऱ्या जुन्या मराठी कुटुंबांना या शाळांची नावे घरच्यासारखी आहेत.

शिक्षकाचा पेशा त्यांच्या अंगी किती मुरला होता हे पुढील सर्व कारकिर्दीत दिसते. वर्गातला चांगला मास्तर सगळ्या मुलांना एकच धडा एकाच पद्धतीने देत नाही. कोणाला गणित जड जाते, कोणाला निबंध, हे तो हेरतो आणि उणिवेवर बोट ठेवतो. रहीमसाहेबांनी हैदराबादच्या मुलांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या त्यांचे नियम आजही गमतीचे वाटतात. काही स्पर्धांत ज्या पायात जोर कमी त्याच पायाने चेंडू मारायचा, दुसऱ्या पायाने मारलेला चेंडू ग्राह्य नाही. काही स्पर्धांत चेंडू पायाशी घोळवत नेण्यास साफ मनाई. आला की लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. उजव्या पायाच्या मुलाला आठवडाभर डावा पाय वापरावा लागला तर त्याची काय तिरपीट उडत असेल याची कल्पना करावी! पण अशा मुलांपैकी जो टिकला त्याला दोन्ही पाय सारखे झाले, आणि चेंडू मिळण्याआधीच तो कोठे द्यायचा हे ठरवण्याची सवय लागली. हिंदुस्थानातील त्या काळच्या खेळाची मोठी खोड म्हणजे कौशल्याचे प्रदर्शन. तीन जणांना चकवून चौथ्याकडे चेंडू गमावणाऱ्याला प्रेक्षक टाळ्या देत. रहीमसाहेबांनी त्या टाळ्यांचा मोह हैदराबादी खेळाडूंच्या मनातून काढून टाकला.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षणही त्यांच्याकडे आले. या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी अखेरपर्यंत सांभाळल्या. संघटनेची सूत्रे, शहरातल्या सर्वांत बलाढ्य संघाचे शिक्षण आणि पुढे राष्ट्रीय संघाचेही शिक्षण, हे सारे एकाच माणसाच्या हाती असणे आजच्या दृष्टीने खटकणारे आहे, आणि तेव्हाही ते काहींना खटकत असणारच. त्यांचा स्वभाव करडा होता, आपल्या शब्दाला दुसरा शब्द त्यांना खपत नसे. तरीही एवढे मान्य करावे लागते की त्या एकछत्री कारभारामुळेच शाळेतल्या मुलापासून राष्ट्रीय संघातल्या खेळाडूपर्यंत एकच शिकवण हैदराबादेत झिरपली. कलकत्त्यात पैसा होता, क्लब होते, लाखो चाहते होते. अशी एकसूत्री शाळा मात्र तेथे नव्हती.

त्या काळी धंदेवाईक फुटबॉल ही गोष्ट आपल्याकडे कागदोपत्री अस्तित्वात नव्हती. खेळाडू नियमाने हौशी. पोट मात्र हौसेवर भरत नाही, म्हणून आघाडीवीराची कारकीर्द म्हणजे प्रत्यक्षात एक नोकरी असे. मेवालाल आणि प्रदीपकुमार बॅनर्जी रेल्वेत, नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघात, तर हैदराबादचे नूर मोहंमद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन, लईक हे पोलिस दलात. महिन्याचा पगार बेताचा, पण नोकरी सरकारी आणि कायमची. गरीब घरातल्या मुलाला पायांच्या जोरावर एवढी शाश्वती मिळत असे, हेच पोलिस संघाचे मोठे आकर्षण होते. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत आरंभीची दशके गोऱ्या पलटणींची होती, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मिरासदारी प्रथम मोडली. त्याच स्पर्धेत हैदराबादच्या पोलिसांनी अर्धे दशक कोणाला चषकाला हात लावू दिला नाही. १९५० मध्ये दिल्लीचा ड्युरँड चषकही त्यांनी मोहन बागानला हरवून आणला, पुढे १९५४ व १९५७ मध्ये तो पुन्हा आणला आणि १९६१ मध्ये आंध्र पोलिस या नव्या नावाने चौथ्यांदा जिंकला. संतोष करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत हैदराबाद विजेते ठरले, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला नमवून. राज्य गेले होते, पण मैदानावर त्याचे नाव अजून जिंकत होते.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिले आशियाई सामने भरले. राष्ट्रीय संघ रहीमसाहेबांच्या हाती सोपवण्यात आला होता, सैलेन मन्ना कर्णधार होते. भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान या संघांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवले आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळवला. तो एकमेव गोल साहू मेवालाल यांचा. मूळचे बिहारचे हे सेंटर फॉरवर्ड पाठीवर झोकून देऊन डोक्यावरून मारलेल्या चेंडूसाठी प्रसिद्ध होते. या स्पर्धेत त्यांनी प्रत्येक सामन्यात गोल केला. स्वतंत्र भारताला फुटबॉलमध्ये मिळालेले हे पहिले मोठे यश.

पुढच्याच वर्षी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. उष्ण मुलखात कोरड्या मैदानावर अनवाणी पायांना चेंडूची जी जाण येते ती उत्तर युरोपातल्या थंड, ओलसर हिरवळीवर उपयोगी पडत नाही. भारताचा एकुलता एक गोल अहमदखान यांनी केला. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालणे सक्तीचे केले. खेळाडूंना ते सहज रुचले नाही. वर्षानुवर्षांची पायांची सवय चामड्याखाली झाकायची म्हणजे जवळजवळ नव्याने चालायला शिकण्यासारखे होते. रहीमसाहेबांच्या टीकाकारांना हेलसिंकी हे चांगले कोलीत मिळाले. मात्र त्यांनी त्या पराभवातून जो धडा घेतला तो केवळ बुटांचा नव्हता.

त्या काळी बहुतेक संघ पाच आघाडीवीर घेऊन खेळत. मधला सेंटर फॉरवर्ड प्रतिपक्षाच्या गोलाजवळ ठाण मांडून उभा राही आणि त्याच्यावर पहारा ठेवायला प्रतिपक्षाचा मधला बचावपटू असे. दोघांची दिवसभर झटापट चालायची. रहीमसाहेबांनी सेंटर फॉरवर्डला मागे ओढले. आता पहारेकऱ्यापुढे पेच उभा राही. त्याच्यामागे धावत पुढे जावे तर गोलासमोरची जागा मोकळी पडते, जागेवर थांबावे तर हा मागे मोकळा राहून हवे तसे पास देतो. मोकळ्या पडलेल्या जागेत बाजूचे आघाडीवीर धाव घेत. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला याच युक्तीने ६-३ असे हरवले तेव्हा साऱ्या युरोपात खळबळ माजली. हैदराबादचा एक शाळामास्तर त्याच सुमारास, किंबहुना थोडा आधीच, हाच विचार करीत होता, ही गोष्ट खुद्द भारतातही फार थोड्यांना ठाऊक आहे. याचे एक कारण उघड आहे. क्रिकेटची प्रत्येक धाव कागदावर उतरते आणि कायम राहते, तर फुटबॉलमधील जागेचे आणि धावेचे गणित सामना संपला की हवेत विरून जाते. मराठीत क्रिकेटवर कपाट भरेल एवढे वाङ्‌मय आहे. फुटबॉलला त्या मानाने एखादा खणही मिळालेला नाही.

मेलबर्नला जाताना या मांडणीला जो टोकदार आघाडीवीर हवा होता तो नेव्हिल डिसोझा यांच्या रूपाने सापडला. नेव्हिल मूळचे गोमंतकीय, मुंबईच्या मैदानांवर वाढलेले, वय वर्षे चोवीस. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी संघाचे कर्णधार होते. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच पुढे गेला. मग आला १ डिसेंबरचा सामना. नवव्या मिनिटाला नेव्हिलनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलनी पुन्हा आघाडी मिळवली, मध्यंतरापूर्वी मॉरोने पुन्हा बरोबरी केली. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच नेव्हिलनी तिसरा गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. चौथा गोल किट्टू यांनी ऐंशीव्या मिनिटाला केला आणि यजमानांचा निकाल लागला.

उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाऱ्या त्याच देशापुढे मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. उत्तरार्धाच्या आरंभी नेव्हिलनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या इतक्या जवळ भारत त्यानंतर कधीच पोहोचला नाही. ते सुख मात्र दोनच मिनिटे टिकले. युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, पाठोपाठ आघाडी घेतली, नंतर तिसरा गोल केला आणि चौथा तर भारताच्याच बचावपटूच्या पायाला लागून आत गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला तीन गोलांनी हरवले. पदक हुकले. नेव्हिल चार गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत युगोस्लाव्हियाच्या आणि बल्गेरियाच्या एकेका खेळाडूबरोबर बसले. आघाडीवीराचे भाग्य किती अल्पजीवी असते पाहा! मेलबर्नमध्ये जगाच्या नजरेत भरलेल्या या खेळाडूच्या वाट्याला त्या उंचीचा दुसरा प्रसंग आला नाही आणि १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले.

मेलबर्नच्या संघात वीस वर्षांचा एक हडकुळा मुलगा होता, तुळशीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यात वाढलेला, घरची अत्यंत गरिबी. रहीमसाहेबांनी त्याला हेरले, सरावाला बोलावले, तेव्हा रोज हैदराबादला ये-जा करण्यापुरतेही पैसे त्याच्याकडे नव्हते. सायकलीच्या भाड्याची सोय रहीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून केली. हैदराबादच्या संघात, तेथून राष्ट्रीय संघात, हा प्रवास बलरामने फार थोड्या अवधीत केला. डाव्या बाजूने खेळताना दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने चेंडू मारणारा हा आघाडीवीर म्हणजे कमकुवत पायाच्या त्या स्पर्धांचे चालतेबोलते फळ होते. पण १९५७ मध्ये बलराम कलकत्त्याच्या ईस्ट बेंगॉलकडे गेले. हैदराबादी गुणवत्तेची ही गळती एका बलरामपुरती नव्हती. कलकत्त्याचे क्लब अधिक देऊ शकत होते, पोलिसाच्या पगारावर त्यांच्याशी स्पर्धा करणे अशक्य होते. मुलाने घडावे हैदराबादेत आणि नाव काढावे कलकत्त्यात, हा क्रम पडून गेला. गुरूला याचे दुःख होणे साहजिक होते. पण राष्ट्रीय संघाची हाक आली की हे सारे पांगलेले शिष्य पुन्हा त्यांच्याच छत्राखाली जमत.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत साखळीतच बाद झाला, तरी जाणकार तो संघ मेलबर्नच्या संघापेक्षा सरस मानतात. हंगेरीशी १-२ असा निसटता पराभव झाला. त्यात भारताचा गोल बलरामचा. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी घेतलेली आघाडी शेवटच्या दहा मिनिटांत निसटली. पेरूशी १-३ अशी हार झाली, गोल पुन्हा बलरामचा. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही त्या चमूत होते, परंतु एकाही सामन्यात त्यांना उतरवण्यात आले नाही. पित्याच्या न्यायबुद्धीचा हा दाखला मानावा की दुसऱ्या कोणी बोट दाखवू नये म्हणून घेतलेली अतिरिक्त खबरदारी, हे ठरवणे अवघड आहे. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघाने ऑलिंपिकचे मैदान पाहिलेले नाही.

ऑगस्ट १९६२ मध्ये जाकार्ताला चौथ्या आशियाई सामन्यांसाठी संघ निघाला तेव्हा रहीमसाहेबांची प्रकृती ढासळली होती. सिगारेटचे व्यसन जुने होते. खोकला थांबत नव्हता, फुप्फुसात कर्करोगाने घर केले होते. संघातल्या बहुतेक मुलांना आजाराचे खरे स्वरूप ठाऊक नव्हते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरवले. नंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानला २-० असे नमवून भारत उपान्त्य फेरीत आला, तेव्हा संघाचा कणा असलेला हा बचावपटू डोक्याला पट्टी बांधून बाहेर बसलेला होता.

फाळणीच्या वणव्यातून पंजाबात आलेल्या कुटुंबातला हा तगडा शीख तरुण मोहन बागानचा बचावपटू म्हणून साऱ्या देशाला परिचित. त्याला खेळवावे तर बचावात सतत डोक्याने चेंडू परतवावा लागणार, जखम उघडणार. न खेळवावे तर असा धिप्पाड, निर्भय खेळाडू वाया जाणार. रहीमसाहेबांनी तिसरा मार्ग काढला. जर्नेलसिंग विद्यार्थिदशेत आघाडीवर खेळले होते, हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी त्यांना थेट सेंटर फॉरवर्डच्या जागी नेले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भारताने ३-२ असा विजय मिळवला. कर्णधार चुनी गोस्वामींचे दोन गोल आणि तिसरा जर्नेलसिंग यांचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. मैदानाबाहेरची हवा त्याहून वाईट होती. इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेऊन या स्पर्धांना आशियाई सामने हे नाव देण्यालाच हरकत घेतली. जाकार्तात संतापाची लाट उसळली, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. खेळाडूंना भारतीय म्हणून ओळख दाखवून शहरात फिरणे धोक्याचे झाले. त्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांना जवळ बोलावून आपल्यासाठी उद्या सुवर्णपदकाची भेट आणा असे मागितल्याची आठवण प्रदीपकुमार बॅनर्जी आणि इतर खेळाडू आयुष्यभर सांगत राहिले. उर्दूवर त्यांचे प्रभुत्व होते, एरवीही सामन्यापूर्वीच्या त्यांच्या बोलण्याने अंगावर काटा येत असे. पण मागणे मागणाऱ्या गुरूचे ते रूप शिष्यांना नवीन होते.

सेनायानच्या प्रचंड क्रीडागारात सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि जवळजवळ सारेच भारताच्या विरोधात. राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो थांबली नाही. पाठिंबा देणारा आवाज आला तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. प्रेक्षागारातल्या एका कोपऱ्यातून ते खेळाडू भारताला प्रोत्साहन देत होते. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी, डोक्याला टाके घातलेल्या अवस्थेत, जर्नेलसिंग यांनी दुसरा. कोरियाला पहिल्या सामन्यात जो बचावपटू म्हणून भेटला होता तोच आघाडीवर येऊन उभा राहील हे त्यांच्या हिशेबात नव्हते. उरलेला सामना भारताच्या बचावाने रेटून नेला. गोलात उभे होते हैदराबादचे पीटर थंगराज. लष्करात त्यांनी खेळायला सुरुवात केली होती ती सेंटर फॉरवर्ड म्हणून! म्हणजे त्या दिवशी मूळचा आघाडीवीर गोल राखीत होता आणि मूळचा बचावपटू गोल करीत होता. थंगराजांचा बदल रहीमसाहेबांनी केलेला नव्हता, तरी हा योग त्यांच्या शिकवणीला शोभणाराच. शेवटच्या मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, पण २-१ या निकालावर भारताचे सुवर्णपदक पक्के झाले. त्या अकरा जणांत बलराम, युसुफखान आणि थंगराज असे तिघे हैदराबाद-सिकंदराबादच्या मातीतले होते.

जाकार्ताहून परतल्यावर रहीमसाहेब फार काळ मैदानावर दिसले नाहीत. आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि ११ जून १९६३ रोजी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते निवर्तले. आपल्यामागे संघ कोणी चालवावा याची तजवीज त्यांनी केलेली नव्हती, किंवा असोसिएशननेही केलेली नव्हती. सारे एका माणसात सामावलेले होते आणि तो माणूस गेला. एकछत्री कारभाराची ही दुसरी बाजू. त्यांच्या शिष्यांच्या बळावर आंध्र प्रदेशाने १९६५ मध्ये संतोष करंडक एकदा जिंकला, पण शाळांमधल्या त्या आगळ्या स्पर्धा ओसरल्या आणि रोव्हर्स चषकावरचा हैदराबादचा ठसाही पुसट होत गेला. आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही. १९७० मध्ये बँकॉकला मिळालेले कांस्य तेवढे हाती लागले.

त्यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, चुनी गोस्वामी आणि जर्नेलसिंग यांना १९६१ ते १९६४ या चार वर्षांत एकामागून एक अर्जुन पुरस्कार मिळाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये, रहीमसाहेब जाऊन बावीस वर्षे झाल्यावर. शासनाचा कोणताही मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा देशातल्या बहुसंख्य तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकले. चित्रपटाने नाट्य पुष्कळ रंगवले आहे. कमकुवत पायाच्या स्पर्धांत मात्र चित्रपटाला पुरेल इतके नाट्य नसावे.

चिरंजीव हकीम हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ते वारले. बलराम यांना फुप्फुसाच्या विकारामुळे ऐन उमेदीत खेळ सोडावा लागला. हैदराबादला कायमचे परत येणे त्यांना जमले नाही. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी उत्तरपाड्यात ते एकटेच राहिले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिकडेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.